आप्पांचं बीपी किती असावं?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे, आप्पा, ८२ वर्षांचे आहेत. निवृत्त शिक्षक. मधुमेह पंधरा वर्षांचा, बीपी त्याहून जुनं. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, लकवा असलं काही झालेलं नाही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणायचे, या वयात वरचं बीपी १४५-१५० चालेल. माझे मोठे दीर न्यू जर्सीला असतात. त्यांनी व्हॉट्सॲपवर एका संशोधनाचा लेख पाठवला, की वरचं बीपी १२०च्या खाली आणलं तर पंचाहत्तरीपुढच्या लोकांनाही फायदा होतो. मग एका मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं. बीपीची टेल्मिसार्टन चालूच होती, तिच्या जोडीला ॲम्लोडिपिन आली. थोड्या दिवसांत पाय सुजले म्हणून लघवी वाढवणारी टॉरसेमाइड. रात्री तीन-चारदा लघवीला उठायला लागले म्हणून प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन. झोपमोड होते म्हणून क्लोनाझेपाम. शिवाय साखरेच्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन, आणि रिकाम्या पोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी. आता दवाखान्यात बीपी १२४/६२ येतं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.१ आहे, सगळे खूश. पण गेल्या महिन्यात पहाटे बाथरूमला जाताना आप्पा पडले आणि उजवं मनगट मोडलं. चुलत सासरे म्हणतात, “वय अधिक शंभर हेच खरं बीपी, फेकून द्या त्या गोळ्या.” दीर म्हणतात, “रिसर्चच्या विरुद्ध जायचं नाही.” गोळ्या मी काढून देते, त्यामुळे बोलणी दोन्हीकडून मलाच. काय करू?
– एक सून, सातारा

उत्तर :

ताई, आधी एक गोष्ट, जी पत्रात नाही. पडताना आप्पांच्या डोक्याला मार लागला होता का? लागला असेल, किंवा नक्की आठवत नसेल, तर पुढचे काही आठवडे त्यांच्याकडे लक्ष ठेवा. दिवसा जास्त झोपून राहणं, बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झोक जाणं, रोज वाढत जाणारी डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर वाट न बघता डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्या. या वयात मेंदूवर साचणारं रक्त हळूहळू वाढतं आणि तीन-चार आठवड्यांनीही त्रास देऊ शकतं. त्यात ते ॲस्पिरिनवर आहेत.

आता भांडणाकडे येऊ. तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत आणि गंमत अशी की तिघांच्याही मागे थोडं-थोडं खरं आहे. दिरांनी पाठवलेला लेख, तुम्ही लिहिलंय त्यावरून, ‘स्प्रिंट’ नावाच्या अमेरिकन चाचणीवरचा असणार. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढचे ९३६१ लोक घेतले होते. अर्ध्यांचं वरचं बीपी १२०च्या खाली आणायचं, अर्ध्यांचं १४०च्या खाली, आणि कोणाला हार्ट अटॅक, लकवा, हार्ट फेल्युअर कमी होतं ते पाहायचं. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली. त्यातल्या पंचाहत्तरीपुढच्या २६३६ लोकांचा हिशेब पुढच्या वर्षी वेगळा छापून आला आणि त्यांच्यातही असे आजार आणि मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी निघाले. कमजोर, हळू चालणारी माणसंही त्यात होती आणि त्यांचा आकडाही त्याच दिशेला होता. म्हणजे तुमचे दीर काही हवेत बोलत नाहीत. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण “परदेशातलं संशोधन आपल्याला लागू नाही” असं एका वाक्यात उडवून लावणारे डॉक्टरही मला ठाऊक आहेत आणि ते मला पटत नाही.

पण कुठलंही संशोधन वाचताना निकालाच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो : आपलं माणूस त्या दारातून आत गेलं असतं का? प्रत्येक चाचणीत कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही याची यादी असते. बातमीत आणि व्हॉट्सॲपवर ती कधीच येत नाही. ‘स्प्रिंट’च्या यादीत मधुमेह असलेल्यांना प्रवेश नव्हता. एकालाही नाही. लकवा होऊन गेलेल्यांना नव्हता, स्मृतिभ्रंश असलेल्यांना नव्हता, वृद्धाश्रमात राहणाऱ्यांना नव्हता. आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने ज्यांचं वरचं बीपी ११०च्या खाली जायचं, त्यांनाही नव्हता. आप्पांना पंधरा वर्षांचा मधुमेह आहे. म्हणजे ज्या चाचणीच्या नावाने त्यांच्या गोळ्या वाढल्या, त्या चाचणीने आप्पांना पहिल्याच दिवशी नमस्कार करून घरी पाठवलं असतं. १२० हा आकडा मधुमेही माणसाला वाईटच, असं यातून सिद्ध होत नाही. एवढंच की ‘स्प्रिंट’ने आप्पांबद्दल काही सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. त्या चाचणीत माणसाला पाच मिनिटं शांत बसवत, बऱ्याच ठिकाणी खोलीत एकट्यालाच, आणि मग स्वयंचलित यंत्र तीनदा बीपी घेऊन सरासरी काढत असे. आपल्याकडे आप्पा दोन जिने चढून येतात, रांगेत कोणाशी तरी पाण्याच्या टँकरवरून वाद घालतात, आणि खुर्चीत टेकताच दंडाला पट्टा. असं घेतलेलं बीपी साधारणपणे जास्तच येतं. तेव्हा ‘स्प्रिंट’चं १२० आणि दवाखान्यातलं १२० हे एकच नव्हे. धावपळीत घेतलेलं बीपी १२४ येत असेल, तर घरी शांत बसल्यावर, त्यातून रात्रीच्या गोळ्यांनंतर पहाटे ते किती असेल?

चुलत सासऱ्यांचं ‘वय अधिक शंभर’ ही फार जुनी समजूत. एके काळी डॉक्टरही असं मानत. म्हाताऱ्या, कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त जायला जास्त दाब लागतो, तो कमी केला तर मेंदूला रक्त पुरणार नाही, अशी भीती होती. ती १९९१ साली अमेरिकेतल्या ‘शेप’ चाचणीने मोडली. साठीपुढचे ४७३६ लोक, फक्त वरचं बीपी वाढलेलं, साधं स्वस्त क्लोरथॅलिडोन. लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. तरीही ऐंशीपुढच्यांचं काय, हा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या मंडळींनी ‘हायव्हेट’ ही चाचणी केली. ३८४५ जण, प्रत्येकाचं वय ८० किंवा जास्त, वरचं बीपी १६० किंवा जास्त. अर्ध्यांना इंडापामाइड आणि गरज पडली तर पेरिंडोप्रिल, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी. २००८ साली निकाल आला : औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी. तीही चाचणी लवकर थांबवावी लागली, आणि तोवर निम्म्या लोकांना दोन वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती. म्हणजे “आता या वयात औषध घेऊन काय मिळणार” हे म्हणणंही टिकत नाही. काकांच्या हिशेबाने आप्पांचं बीपी १८२ हवं. १८२ वर सोडून दिलं तर आप्पांना लकव्याचा धोका खराखुरा आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. गोळ्या फेकायच्या नाहीत.

मात्र ‘हायव्हेट’चं उद्दिष्ट किती होतं ते बघा : १५०/८०. तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं १४५-१५० कुठून आलं असेल ते कळलं ना? साताऱ्यातला तो माणूस बेफिकीर नव्हता. (या चाचणीतले बहुतेक लोक पूर्व युरोप आणि चीनमधले होते. भारतात कोणाला काय झालंय याची मोठी मोजणी आता आहे, मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची केली. पण ऐंशीपुढच्या भारतीयांवर उपचाराच्या अशा मोठ्या चाचण्या हव्यात, आणि ही उणीव मला वर्षानुवर्षं खुपते आहे.)

आता तुमच्या पत्रातला, माझ्या मते, सगळ्यात महत्त्वाचा भाग. तुम्ही गोळ्या ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने लिहिल्यात, त्यामुळे काय घडलं ते उघड दिसतं. ॲम्लोडिपिनने काही जणांचे पाय सुजतात. ही सूज पायातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडल्याने येते. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं. त्यामुळे लघवी वाढवणारी गोळी तिच्यावर फारशी चालत नाही, पण लघवी मात्र वाढवते. ती रात्री वाढली तर प्रोस्टेटची गोळी येते. टॅम्सुलोसिन उभं राहिल्यावर बीपी आणखी खाली आणू शकते. मग झोपेसाठी क्लोनाझेपाम, जिने पहाटेही डोकं जड राहतं आणि तोल जातो. पहिल्या गोळीच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरी गोळी, दुसरीसाठी तिसरी. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९०च्या दशकात या साखळीवर लिहिलं आणि तेव्हापासून वृद्धांच्या वैद्यकात ती सगळे शिकतात. ॲम्लोडिपिनच्या जातीच्या औषधानंतर लघवीची गोळी सुरू होण्याचं प्रमाण वाढतं, हे कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या नोंदींतही दिसलं आहे. प्रत्येक चिठ्ठी वेगळी वाचली तर चूक सापडत नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघणारं घरात कोणी असेल तर ते तुम्हीच आहात, आणि तुम्ही ते केलंत.

आता करायचं काय. एक आठवडा बीपी घरी मोजा. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. आप्पांचा दंड बारीक असेल तर पट्टा त्या मापाचा मिळतो, तो मागून घ्या. सकाळी गोळ्यांच्या आधी आणि संध्याकाळी, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं न बोलता बसल्यावर दोनदा. मग त्यांना उभं करा, एक मिनिटाने एकदा आणि तीन मिनिटांनी एकदा मोजा. कोणीतरी शेजारी उभं राहा. बसल्यापेक्षा उभ्याचं वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, किंवा त्यांना भोवळ आली, तर आकड्यापेक्षा तीच खूण मोठी. पहाटे ते ज्या वेळी उठतात तेव्हाही एखाददा पलंगावर बसवून मोजा. हे सगळं एका वहीत तारखेसह लिहा. आप्पा शिक्षक होते ना, त्यांनाच लिहायला द्या. डाव्या हाताने लिहितील. यंत्राचे आकडे दर वेळी भलतेच खालीवर होत असतील, तर नाडी अनियमित आहे का ते बघायला एक ईसीजी काढून घ्या.

सोबत रक्तात सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं म्हणून खूश होऊ नका. ते स्नायूंतून तयार होतं, आणि वाळलेल्या शरीरात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी थकलेली असूनही आकडा सभ्य दिसतो. रिपोर्टवर वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, मागा. मेटफॉर्मिनचा डोस त्यावर ठरतो. दुखण्यासाठी आप्पा दुकानातून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणून घेत असतील (मनगट मोडलंय, घेत असतीलच), तर तेही वहीत लिहा. तिने बीपी वाढतं आणि किडनीला मार बसतो.

मग वही, रिपोर्ट आणि गोळ्यांचा सगळा डबा घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. व्हिडिओवर नको, आप्पांना समोर घेऊन. मी तिथे असते तर पहिला विषय ॲम्लोडिपिन आणि टॉरसेमाइड या जोडीचा काढला असता : पहिली कमी करून किंवा बदलून दुसरीची गरजच संपते का? आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या, ॲम्लोडिपिनच्याच जातीच्या सिल्निडिपिनने सूज कमी येते. हार्ट फेल्युअर किंवा किडनीमुळे सूज नाही, ही खात्री मात्र डॉक्टरांनी आधी करून घ्यायला हवी. लघवी रात्रीची कमी झाली तर टॅम्सुलोसिनचा विचार. क्लोनाझेपाम एका रात्रीत बंद करू नका, ती आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायची असते. एका वेळी एकच बदल आणि मधे दोन-तीन आठवडे, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

गोळ्या कमी करायच्या म्हटल्यावर दीर घाबरतील, तेव्हा त्यांच्याच भाषेत सांगा. इंग्लंडमध्ये ‘ऑप्टिमाइज’ नावाची चाचणी झाली, २०२० साली छापून आली. ऐंशीपुढचे ५६९ लोक, दोन किंवा जास्त बीपीच्या गोळ्या, वरचं बीपी १५०च्या खाली. अर्ध्यांची एक गोळी काढली. बारा आठवड्यांनी गोळी काढलेल्यांपैकी शंभरात ८६ जणांचं बीपी १५०च्या खालीच होतं. न काढलेल्यांत ८८. बारा आठवडे हा काळ लहान आहे, लकव्याबद्दल ती काही सांगू शकत नाही, हेही सांगा. फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांत हजारावर कमजोर वृद्धांच्या गोळ्या कमी करून पाहिल्या, २०२५मध्ये निकाल आला. मृत्यू घटले नाहीत आणि वाढलेही नाहीत. गोळी काढणं म्हणजे काही जादू नव्हे. आप्पांच्या बाबतीत ती पडण्याशी जोडलेली दिसते, म्हणून काढायची.

मग आकडा किती? मला विचाराल तर उभं राहून भोवळ न येता बसलेलं वरचं बीपी घरच्या यंत्रावर १३० ते १४५च्या आसपास राहिलं तर मी समाधानी असेन. ते पुढे नीट चालत-फिरत असतील, तर डॉक्टर हळूच आणखी खाली आणू शकतील. चालणं बघायची सोपी रीत आहे : जमिनीवर चार मीटर मोजून खुणा करा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद. ‘स्प्रिंट’मध्येही असंच मोजलं होतं.

बीपीच्या वादात दोन गोष्टींकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. पहिली, साखर. ८२व्या वर्षी ग्लिमेपिराइडवर एचबीएवनसी ६.१ ही शाबासकीची गोष्ट नाही, मला तर त्याने काळजी वाटते. ‘ॲकॉर्ड’ चाचणीत मधुमेहींचं एचबीएवनसी ६च्या खाली ढकलायचा प्रयत्न झाला, लोक सरासरी बासष्टीचे. २००८ साली तो भाग थांबवावा लागला, कारण कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले आणि सैल गटात २०३. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी अमेरिकेची मधुमेह संघटनाही ८च्या खाली पुरे म्हणते. आप्पा एकादशी-चतुर्थी धरतात का? उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड घेतली तर साखर उतरून पहाटे माणूस पडू शकतो. पडले त्याच्या आदल्या दिवशी ते किती जेवले होते ते आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा. ती गोळी कमी किंवा बंद करण्याबद्दल स्पष्ट विचारा.

दुसरी, हाड. उभ्याउभ्या पडून मनगट मोडणं म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची खूण, पुरुषांतही. प्लास्टर निघालं की विषय संपत नाही. ड जीवनसत्त्व, हाडांची घनता आणि त्यावरचं औषध याबद्दल विचारा. पुढचं मोडणं खुब्याचं असू नये.

ॲस्पिरिनचं थोडक्यात. हार्ट अटॅक, स्टेंट, लकवा यांपैकी काही झालेलं नसताना सत्तरीपुढच्यांना ॲस्पिरिनने काय मिळतं, हे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ लोकांवर पाहिलं गेलं, निकाल २०१८चा. धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठा रक्तस्राव वाढला. ते नव्याने सुरू करण्याबद्दल होतं. आधीपासून घेणाऱ्यांनीही बंद करण्याचा विचार करावा असं अमेरिकन वृद्धवैद्यक संस्थेच्या २०२३च्या ‘बिअर्स’ यादीत (वृद्धांना जपून द्यायच्या किंवा टाळायच्या औषधांची यादी) आहे. डॉक्टरांना विचारून थांबवा. ती थांबली तर ॲसिडिटीची गोळीही कदाचित सुटेल. आणि हो, शेजारच्या कोणाला स्टेंट असेल तर त्याला हे वाचून दाखवू नका, त्याची ॲस्पिरिन चालूच राहायला हवी.

राहिले दीर. परक्या देशात बसून वडिलांसाठी काही करता येत नाही, म्हणून माणूस लेख पाठवतो. तसं बघितलं तर त्यांच्यावर फार राग येणार नाही. पण सुनेने दिराला उत्तर देणं आणि मुलाने भावाला उत्तर देणं यात फरक पडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा हा निरोप तुमच्या यजमानांनी पाठवावा : “दादा, तू पाठवलेल्या चाचणीत मधुमेही घेतलेच नव्हते. आप्पांचं उभं राहिल्यावरचं बीपी आम्ही आठवडाभर मोजतोय, वहीचा फोटो पाठवतो. डॉक्टरांकडे जाऊ तेव्हा तू फोनवर असशील का? तुमच्याकडे तेव्हा रात्र असेल.” त्यांना कामाला लावा. डॉक्टर जे बोलतील ते त्यांनी थेट ऐकलं की तुमच्यामार्फत निरोप जाणं थांबेल. औषधं लिहिणारा डॉक्टर यापुढे एकच असू द्या. दुसऱ्या कोणाचं मत घेतलं तरी नवी गोळी डब्यात जाण्याआधी त्या एकाला दाखवायची.

तोपर्यंत, म्हणजे आज रात्रीपासून : पलंग ते बाथरूम दिवा चालू ठेवा, वाटेतली पायपुसणी उचला, आणि टॉरसेमाइड संध्याकाळी देत असाल तर ती सकाळी देता येईल का हे उद्याच फोन करून विचारा.